फिरते खण

१२ डिसेंबर १९९६, कुंडल

पोहोचले एकदाची. कराडहून एस.टी. वेळेवर सुटली, खिडकीची जागा मिळाली आणि शेजारच्या बाईंनी वाटभर ओला हरभरा सोलून मला खायला घातला. नव्या नोकरीला यापेक्षा चांगला शकुन कुठला हवा?

कारखाना म्हणजे गावाबाहेर माळाला लागून असलेली पोल्ट्रीची जुनी शेड. कोंबड्या गेल्या, वास राहिलाय. आत सहा शिलाई मशिनी, कापायचं एक लांबलचक टेबल आणि उजेड भरपूर. मागच्या बाजूला माझी खोली. साहेबांचं नाव देवदत्त. मुंबईकडे रेडिओच्या कामात वीस वर्षं काढून परत आलेले सांगलीकर. माणूस सज्जन दिसतो, पण शर्टाची बटणं एक काज चुकवून लावली होती आणि कॉलर उसवलेली. मी पहिल्याच भेटीत ते बोलून दाखवलं. माझ्या जिभेला हाड नाही, असं आई म्हणते ते उगीच नाही. साहेब हसले. म्हणूनच शिवणाची बाई हवी होती, म्हणाले.

स्वानंदीला आईकडे कराडला ठेवून आलेय. पाच वर्षांची पोर. बाप जाऊन दोन वर्षं झाली आणि आता आईही पिशवी घेऊन निघाली. पण रडली नाही, कधी येणार एवढंच विचारलंन. गुढीपाडव्याला, म्हणाले. मग जूनला तुला शाळेत घालायचं आणि दोघींनी कराडातच राहायचं. साहेबांशी बोलणंही पाडव्यापर्यंतचंच झालंय. चार महिने काय, बघता बघता जातील.

१६ डिसेंबर

काम अखेर समजलं. आधी मला वाटलं होतं गणवेश शिवायचे असतील.

इथल्या वाड्यावस्त्यांवर टेलिफोन नाहीत. कोणी आजारी पडलं तर मिरजेच्या दवाखान्याला कळवायला माणूस धाडावा लागतो. साहेबांचं म्हणणं असं की तारा कशाला हव्यात, माणसं आहेतच ना सगळीकडे पसरलेली! प्रत्येकाच्या कपड्यात धातूचा बारीक दोरा आणि आगपेटीएवढी एक डबी. एकाच्या कपड्यातून निघालेला निरोप दोनशे पावलांवरच्या दुसऱ्याच्या कपड्यात, तिथून तिसऱ्याच्या, असा हवेतून मिरजेपर्यंत. एकेक माणूस म्हणजे जाळ्याची एकेक गाठ. मी विचारलं, मग नुसती डबीच का देत नाही? ते म्हणाले, डबी माणूस घरी विसरतो, घड्याळ काढून ठेवतो. अंगातली बंडी कोणी विसरत नाही. मला हे पटलं.

दोरा जरीसारखा चकाकतो पण जरीपेक्षा मऊ आहे. मानेभोवती सात फेरे घ्यायचे आणि मग पाठीच्या कण्यावरून सरळ खाली. पुरुषांना बंडी, बायकांना चोळी. पहिली चोळी मी स्वतःला शिवली, कारण अंगात घालून पाहिल्याशिवाय कपडा द्यायचा नाही हा माझा नियम. दुसरी सुलाबाईला. ही शेजारच्या वस्तीवरची. नवरा बिराप्पा मेंढरं राखतो. आटपाडीकडून दरवर्षी मेंढरं घेऊन यायचे, आता इथंच तीन एकर करून राहिलेत. सुलाबाई चोळी घालून हरखून गेली. "लय ग्वाड बसलीया बगा बाई, आंगात हाय का न्हाई त्ये बी कळंना," म्हणाली. शिवणाऱ्या बाईला याहून मोठं बक्षीस नाही.

२९ डिसेंबर

आज निरोप गेला! वीस माणसं आपापल्या शेतात, मेंढरांमागे, विहिरीवर. साहेबांनी शेडमध्ये बसून पाठवलं, "सुलाबाईच्या शेळीला जुळं झालं." आणि दोन मैलांवर कृष्णात म्हणून ऊसतोडीवरचा गडी आहे, त्याच्या डबीत ते जसंच्या तसं वाजलं. तो पळतच आला. शेळीला खरंच जुळं झालं होतं, त्यामुळे आनंद दुप्पट. साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांची आई वेळेवर निरोप न पोहोचल्याने गेली, हे त्यांनी आज सांगितलं. मग मला त्या चुकलेल्या बटणांचा राग येईना.

आईला पत्र टाकलं. स्वानंदीला पुडीत थोडा चकाकता दोरा पाठवावा असं मनात आलं होतं, पण साहेबांना न विचारता नको म्हणून ठेवला.

७ जानेवारी १९९७

डब्या काढून टाकल्या. साहेब म्हणतात, दोऱ्याला आता अंगाची ऊबच पुरते. निरोप आला की मानेभोवती मुंग्या येतात आणि तो आपोआप ओठांवर येतो. मला काल आला. टेबलावर कापड कापता कापता मी मोठ्याने बोलले, "मोटार जळाली, वायरमन पाठवा." कोणाची मोटार ते मला ठाऊक नाही. हसू आलं आणि थोडं विचित्रही वाटलं, उचकी लागावी तसं.

साहेबांना जाळं मोठं करायचंय, पण शंभर माणसांना कपडे शिवून द्यायचे तर वर्ष जाईल. तेव्हा मीच बोलले. संक्रांत आलीय, हळदीकुंकवाला खण वाटा की! काठात दोरा विणून घ्या, पाचशे खण काढा. आपल्याकडे ओटीतला खण कोणी शिवत नाही, तो फिरतो. मला मिळाला की मी ट्रंकेत ठेवते, पुढच्या डोहाळजेवणाला नणंदेच्या ओटीत घालते, ती तिच्या जावेला देते. मेढ्याच्या माझ्या सासूने दिलेला खण तीन वर्षांनी माझ्याच ओटीत परत आला होता, डागावरून ओळखला! मी हसत होते. साहेब हसले नाहीत. असा खण साधारण किती लांब जातो, असं त्यांनी दोनदा विचारलं. सोयरीक जाईल तिथवर, मी म्हणाले.

१७ जानेवारी

वाण लुटलं. शेडमध्ये तीनशे बायका आल्या, उरलेले खण ताकारी, शेणोलीकडे पाठवले. हिरवेगार, तांबड्या काठाचे. काठ इतका सुंदर आलाय की बायका पदर लावून बघत होत्या. बऱ्याचजणी म्हणाल्या, हा नाही हो द्यायचा कोणाला, हा शिवणारच. मला अभिमान वाटला. वाटू नये का?

२ फेब्रुवारी

आज काहीतरी झालं, ते नीट लिहून ठेवते.

भर दुपारी बिराप्पाची मेंढरं परक्याच्या शाळूत शिरली. आरडाओरडा झाला म्हणून मी बाहेर गेले. बिराप्पा माळावर उभा होता. काठी नाही, डोक्याला पटका नाही, तोंड मिरजेच्या दिशेला. मी हाका मारल्या, हात धरून हलवलं. बऱ्याच वेळाने त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्या कवा आलो हितं? मेंढरं कुटं हायती माजी?" म्हातारा रडवेला झाला. चाळीस वर्षांत त्याचं एक कोकरू हरवलं नाही.

मग मी माळावर नजर टाकली. त्याच्या पुढे दोनशे पावलांवर कोणीतरी उभं होतं. त्याच्या पुढे तेवढ्याच अंतरावर आणखी कोणी. माझ्या हाताला मोजपट्टीची सवय आहे. अंतर चुकत नव्हतं. कृष्णात आज बायकोला घेऊन मिरजेला गेलाय. त्याची जागा रिकामी पडली आणि मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

१० फेब्रुवारी

साहेबांना स्पष्ट विचारलं. त्यांनी कागदावर ठिपके काढून दाखवले. जाळं स्वतःला सांधतं. मिरजेकडे निरोप जायचा तर मधे खंड पडून चालत नाही. पडला की मागची गाठ पुढे येते, तिच्या जागी तिच्या मागची, अगदी शेवटच्या गाठीपर्यंत. मी म्हणाले, गाठी नव्हेत त्या, बिराप्पा आहे, सुलाबाई आहे. ते म्हणाले, हे मी घातलेलंच नाही बाई, हे आपणहून आलं. असं म्हणताना त्यांना भीती वाटत होती का आनंद झाला होता, मला कळलं नाही. मी आणखी विचारलं, मग मधल्या माणसाला काय कळतं? काहीच नाही. त्याच्यासाठी काही येतच नाही, तो फक्त पुढे देतो. आणि उलटा निरोप? तो जात नाही. अजून जमलेलं नाही.

कपडे परत घ्या, मी म्हणाले. त्यांनी ठिपक्यांचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, घेऊन बघा.

११ फेब्रुवारी

तात्याबा शेजारच्या मळ्यातला. त्याच्या मुलांनी आज कात्रीने त्याची बंडी कापून काढली, कारण तो तीन दिवस जेवायला घरी आला नव्हता. मी तिथं होते. कात्री मानेजवळच्या फेऱ्यात गेली आणि तात्याबा खाली बसला. श्वास चालू आहे. डोळे उघडे आहेत. पण त्यात कोणी नाही. सून पाणी पाजते ते ओठांच्या कडेने बाहेर येतं.

माझी चोळी काढायला मी घरी येऊन दाराला कडी लावली. पहिलं बटण काढलं. दुसऱ्याला हात जाईना. हात माझा, बटण मीच लावलेलं.

५ मार्च

कंडक्टर सांगत होता, ताकारीपासून कराडपर्यंत रस्त्याच्या कडेला बायका उभ्या दिसतात. गाडीला हात करत नाहीत. गाडी थांबवली तरी चढत नाहीत. सगळ्यांच्या अंगात हिरव्या चोळ्या. तो हसून सांगत होता, कुठल्या देवीचं व्रत आहे का म्हणून विचारत होता.

खण फिरले. मी म्हणाले होते ना, सोयरीक जाईल तिथवर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण अवलक्षण माझं एकटीचं असतं तर — कराडपर्यंत का म्हणाला तो?

१४ मार्च

गावातल्या बूथवरून कराडला शेजाऱ्यांकडे फोन लावला, आईला बोलावून घेतलं. तिचा आवाज खुशीत होता. वरच्या आळीत डोहाळजेवण होतं, ओटीत फार सुरेख खण मिळाला. हिरवा. तांबड्या काठाचा. ट्रंकेत कशाला ठेवायचा, म्हणून तिने स्वानंदीला परकर-पोलकं शिवलं. काठ गळ्याला लावला. तुझ्यासारखा नाही जमला गं शरयू, पण पोर काढायलाच तयार नाही.

मी काय बोलले आठवत नाही. बूथवाला बघत होता. आईला कापू नकोस म्हणाले, काढू नकोस म्हणाले, मग म्हणाले, घराबाहेर सोडू नकोस. आई घाबरली. मग हळूच म्हणाली, दुपारची दारात उभी असते खरी. तुझ्या वाटेकडे तोंड करून. आम्हाला वाटलं, आईची आठवण येते.

१५ मार्च

सकाळच्या गाडीत बसले. तिकीट कराडचं. पिशवीत कात्री, उसवणी, स्वानंदीचे जुने कपडे. कापायचं नाही, टाका टाका उसवत जायचं, फेऱ्यातला दोरा अखंड ओढून काढायचा. मला जमेल. मला जमलंच पाहिजे.

मग एकदम माळ. उन्हात उभी. पायांत चपला नाहीत. हातात तिकीट आहे. गाडीतून कुठं उतरले? कशी आले? टाचा फुटल्यात. सुलाबाई मागे दोनशे पावलांवर, बिराप्पा पुढे दोनशे पावलांवर. मधली जागा माझी.

तशीच बूथवर गेले, पळत. आई रडत होती. अकरा वाजता स्वानंदी दार उघडून निघाली. आईने गाठलं तेव्हा कृष्णेच्या पुलापाशी होती, मोटारी दोन्ही बाजूंनी जात होत्या, आणि पोर सरळ चालत होती.

अकरा वाजता मी गाडीत होते.

१६ मार्च

समजलं. लिहून ठेवते म्हणजे विसरणार नाही. मी जागा सोडली की सुलाबाई पुढे येते. तिच्या जागी तिच्या मागची. असं कराडपर्यंत. सगळ्यात शेवटी स्वानंदी आहे. तिच्या मागे कोणी नाही.

मी हलले की ती चालते. मी हलायचं नाही.

तिच्याकडे जायचं नाही. तिला वाचवायचं तर तिच्याकडे जायचंच नाही. देवा, हे कुठलं आईपण.

१८ मार्च

साहेब शेडच्या मागे उभे आहेत. बटणं सगळी चुकलेली, आतून बंडी दिसते. मी त्यांच्या तोंडावर ओरडले, काहीतरी करा म्हणाले. त्यांच्या ओठांतून एका बाईचा आवाज आला — गव्हाचं दळण घेऊन ये, उशीर करू नकोस. मग ओठ मिटले.

आता विचारायला कोणी नाही.

१९ मार्च

बूथवाल्याने स्वतः येऊन सांगितलं, फोन आला होता. आईने दाराला कुलूप लावलं. पोरीने कपाळ दारावर आपटलं. रक्त आलं तरी आपटत राहिली. कुलूप काढलं तेव्हा थांबली. आता आई तिच्यामागून हिंडते, हातात छत्री घेऊन. आईला गुडघेदुखी आहे. ती किती —

बूथवाला म्हणाला, आवं बाई, तुमी उनात का उब्या? सावलीत चला की. मी नाही म्हणाले. तो पुन्हा म्हणाला नाही, माझ्याकडे बघत मागे मागे गेला.

मग मी काल शेडमागे गेले, चार दिवसांपूर्वी बूथवर गेले, तेव्हा तिने किती पावलं —

२० मार्च

सुलाबाई काल थोडी शुद्धीवर आली. हाका मारून विचारलं तिने, "बाई, माजी शेळी पान्यावर नेली का वं कुनी?" मी हो म्हणाले. कोणीही नेलेली नाही. शेळी खुंट्याला पडून आहे, इथून दिसते.

खोटं बोलले, पण ते तरी तिच्यापर्यंत पोहोचलं. ते तरी माझं होतं.

२२ मार्च

बिराप्पा पडला.

उभ्याचा बसला नाही, वाकला नाही, सरळ पडला. दुपारची वेळ. माझ्याजवळ तांब्यात पाणी होतं. दोनशे पावलं. गेले असते तर सुलाबाई माझ्या जागी, आणि — गेले नाही. त्याने एकदा हात उचलला. मी पाहिलं, आणि गेले नाही. म्हाताऱ्याने मला पहिल्या दिवशी दूध आणून दिलं होतं.

आता हात उचलत नाही.

पुढची जागा रिकामी. मानेत ओढ सुरू झालीय. टाचा आपोआप उचलतात. माझ्या बाजूला पाण्याच्या मोटारीचा लोखंडी खांब आहे. पदर फाडून पट्ट्या केल्या, कंबर बांधली, मांड्या बांधल्या. शिंपिणीची गाठ. सुटणार नाही. मी सरकले नाही तर मागचं कोणी सरकणार नाही. पाडव्यापर्यंत उभी राहीन. वर्षभर राहीन.

२३ मार्च

सुटली नाही. पायाखाली माती खणली गेलीय, पण सुटली नाही.

ओढ मागूनही येते आता. सगळे ढकलतात. दोनशे माणसं एका मानेत.

स्वानंदी उभी आहे ना? दारातच आहे ना? कोणी सांगत नाही. बूथवाला येत नाही.

२४ मार्च

गाठ सोडली. मी नाही — बोटांनी. बघत होते, बोटं किती सफाईनं — थांबा म्हणत होते त्यांना. माझीच बोटं —

बिराप्पाच्या जागेवर आहे. तो पायाशी आहे. मागे माझ्या जागेवर सुलाबाई. तिच्या मागे कोणीतरी आलं. त्याच्या मागे. धूळ दिसते लांबवर, सगळे सरकले. सगळे. म्हणजे ती पण —

मानेला मुंग्या.

सुलाबाईचं तोंड उघडलं. आवाज तिचा नाही. बारीक आहे. आई, मी पुलावर आले. आजी मागे पडली. पाय भाजतायत गं. तू कुठं आहेस?

थांब म्हणायचंय. परत फिर, स्वानंदी, आजीपाशी जा, पुलावर थांबू नको, मी इथं आहे — मान वळत नाही तिच्याकडे. मिरजेकडे वळली. तोंड उघडलं. पुढे कोणीतरी उभं आहे, ऐकायला नाही, द्यायला, आणि माझ्या तोंडून तिचाच आवाज — आई, मी पुलावर आले, आजी मागे पडली, पाय भा